काळजाने घेतलेला धसका

भगिनींनो, आपल्या बोलण्यात काळीज किती वेळा येते ते कधी मोजून पाहिले आहे का? रात्री-अपरात्री फोन वाजला की काळजात धस्स होते. मूल वेळेवर घरी आले नाही तर काळजाचे पाणी होते. घरातले कुणी अचानक गेले की मागे राहिलेली बाई 'हाय खाते', 'धसका घेते'. ही नुसती बोलायची रीत आहे असे आपण समजत आलो. पण हृदयाचे डॉक्टर आता सांगतात की धसका खरोखरच काळजाला बसतो, तो यंत्रावर दिसतो, आणि तो काही वेळा ऑपरेशननंतरही बसतो. आज लिहायचे आहे ते या ऑपरेशननंतरच्या धसक्याविषयी. ऑपरेशन झालेल्या बाईच्या उशाशी रात्र काढणारी बहुतेक वेळा तुमच्यापैकीच कुणीतरी असते. तिला हे ठाऊक हवे.

एक उदाहरण मनात धरू या. हे कोणा एकीचे नाही, घरोघरी सापडेल असे आहे. समजा, नांदेडच्या एक काकू आहेत, वय अठ्ठावन्न. नातू बारावीला, म्हणून त्याला शिकवणीसाठी लातूरला ठेवलेले. मेसचे जेवण त्याला सोसेना, म्हणून काकूच दोन खोल्या भाड्याने घेऊन त्याच्याजवळ राहिलेल्या. लातूर पॅटर्नचे कौतुक सगळे करतात, पण त्या पॅटर्नमागे अशा किती आया आणि आज्या पोळ्या लाटत बसलेल्या असतात, त्यांचे नाव गुणवत्ता यादीत येत नाही! असो. काकूंच्या पित्ताशयात खडे निघतात. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करून घ्या. काकू म्हणतात, नीटची परीक्षा होऊ द्या मग बघू. मग तीन महिने दुखणे अंगावर काढतात, काका तिकडे नांदेडला एकटे म्हणून जीव तिकडे, नातवाचा पेपर म्हणून जीव इकडे. परीक्षा आटोपते, ऑपरेशन ठरते. दुर्बिणीतून होते, छान होते. सगळे सुटकेचा श्वास टाकतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंना घाम फुटतो. श्वास पुरत नाही. "छातीत कसनुसं व्हायलंय गं," असे त्या सुनेला म्हणतात.

आता खोलीत काय होते ते तुम्हांला सांगायला नको. नणंद म्हणते, "गॅस झाला असेल, वन्संना काल चहा दिला होता का कुणी?" शेजारच्या कॉटवरची बाई म्हणते, "घाबरल्यात त्या, रातभर डोळा नाही लागला." आणि खरे सांगायचे तर दोघींचेही म्हणणे अगदीच खोटे नसते. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. तो थोडा मागे राहिला की छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला टोचतो आणि दुखते मात्र खांद्यात. हे पुष्कळांना होते आणि दोन-तीन दिवसांत जाते. घाबरणे तर साहजिकच. म्हणूनच घोटाळा होतो. दुखणे खांद्याचे आहे की काळजाचे, घाबरल्यामुळे धाप लागली आहे की काळीज दमल्यामुळे, हे कॉटजवळ उभे राहून, हात धरून, कपाळावरून हात फिरवून कळत नाही. सुनेला नाही, नणंदेला नाही, आणि तपासणी केल्यावाचून डॉक्टरलाही नाही.

आपल्या उदाहरणातली सून शहाणी आहे. ती सिस्टरला बोलावते. ईसीजी निघतो. पट्टीवर हार्ट अटॅकसारखे बदल दिसतात. रक्तात ट्रोपोनिन वाढलेले निघते. हा पदार्थ हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरतो. घरचे हबकून जातात. हृदयाचे डॉक्टर येतात, अँजिओग्राफी होते. म्हणजे मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी घालून, रंग सोडून, हृदयाला रक्त पोचवणाऱ्या शिरा पाहतात. आणि शिरा निघतात स्वच्छ! कुठे अडथळा नाही, गाठ नाही. मग इको काढतात, म्हणजे हृदयाची सोनोग्राफीच ती. त्यात दिसते की हृदयाच्या डाव्या, खालच्या कप्प्याचा तळ हलतच नाही. फुगून राहिला आहे. वरचा, गळ्याकडचा भाग मात्र जिवाच्या आकांताने आवळतो आहे.

हा जो आकार झाला, खाली गोल पोट आणि वर अरुंद गळा, तो कशासारखा? आपल्या देवघरातल्या चंबूसारखा. पण हे प्रथम पाहिले ते जपानी डॉक्टरांनी. त्यांच्या डोळ्यांसमोर चंबू नव्हता, त्यांना आठवले ते त्यांच्या कोळ्यांचे मडके. ताको म्हणजे आठ पायांचा ऑक्टोपस आणि त्सुबो म्हणजे मडके. अरुंद तोंडाचे हे मडके दोरीला बांधून समुद्राच्या तळाशी सोडतात. ऑक्टोपस निवारा समजून आत शिरतो आणि अडकतो. हिरोशिमाचे डॉ. हिकारू सातो आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० साली या आजाराचे वर्णन लिहिले आणि त्याला ताकोत्सुबो हे नाव दिले. डॉक्टरांच्या कागदावर तुम्हांला हेच नाव दिसेल, नाहीतर 'स्ट्रेस कार्डिओमायोपॅथी' असे दिसेल. वर्तमानपत्रवाले 'ब्रोकन हार्ट सिंड्रोम' म्हणतात. मला विचाराल तर आपला 'धसका' हा शब्द या तिन्हींहून नेमका आहे.

जपानबाहेर हे नाव पसरायला आणखी दहा-बारा वर्षे गेली. हे वाचताना माझ्या मनात किल्लारी येते. ३० सप्टेंबर १९९३ची ती पहाट. गणपती विसर्जन करून माणसे नुकती निजली होती आणि चारच्या सुमाराला जमीन हलली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत, औसा-उमरगा भागात, दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्या, लेकरे गमावलेल्या किती बायका त्यानंतर छाती धरून बसल्या असतील! 'धसका घेतला' एवढेच गाव म्हणाले असेल. त्यापुढे विचारायला तेव्हा आपल्याकडे त्या आजाराचे नावच पोचले नव्हते. नंतर २००४च्या ऑक्टोबरात जपानमध्ये नीगाता भागात मोठा भूकंप झाला. तोवर तिथल्या डॉक्टरांना नाव ठाऊक होते, काय पाहायचे तेही ठाऊक होते. भूकंपानंतरच्या महिन्यात ताकोत्सुबोचे रुग्ण नेहमीपेक्षा कितीतरी जास्त आले, आणि त्यांतल्या बहुतेक सगळ्या वयस्क बायका होत्या. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च शहरात २०११च्या भूकंपानंतरही तेच दिसले.

भूकंपाचे ठीक आहे, पण ऑपरेशनचे काय, असे तुम्ही विचाराल. ऑपरेशन तर आपल्या भल्यासाठी असते! खरे आहे. पण शरीराला भले-बुरे कळत नाही. त्याला एवढेच कळते की कुणीतरी कापले, रक्त गेले, दुखते आहे. संकट आले की मूत्रपिंडांवरच्या छोट्या ग्रंथी आणि मज्जातंतूंची टोके अॅड्रिनॅलिन आणि त्याच्या जातीची रसायने रक्तात सोडतात. बैल अंगावर आला तर आपण कुंपणावरून उडी मारतो ती याच रसायनांच्या बळावर. ती हवीतच. पण त्यांचा लोंढा एकदम आला तर हृदयाचा स्नायू सुन्न पडतो, विशेषतः तळाकडचा. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या डॉक्टरांनी २००५ साली अशा १९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मनाला अचानक धक्का बसून हृदय बिघडलेली ही माणसे. त्यांत एक सोडून सगळ्या बायका. त्यांच्या रक्तात ही रसायने खऱ्या हार्ट अटॅकच्या रुग्णांपेक्षाही दोन-तीन पटींनी जास्त सापडली. तेव्हा 'मनाचे खेळ आहेत' असे म्हणणाऱ्याला हे जरूर सांगा. कारण मनात सुरू झाले तरी बिघडते ते स्नायूत.

आणि दर वेळी मनातच सुरू होते असेही नाही हं. युरोप-अमेरिकेतल्या अनेक रुग्णालयांनी मिळून १,७५० रुग्णांची मोठी पाहणी केली, ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. शंभरातल्या नव्वद बायका होत्या आणि सरासरी वय सदुसष्टाच्या घरात. त्यांच्यापैकी दुःख, भीती, भांडण असे मनाचे कारण सापडले ते शंभरात अठ्ठावीस जणांत. शरीराचे कारण, म्हणजे ऑपरेशन, मोठा आजार, दम्याचा झटका, हाड मोडणे, हे सापडले छत्तीस जणांत. काहींत दोन्ही होती. आणि अठ्ठावीस-एकोणतीस जणांत काहीच कारण सापडले नाही! या आकड्यांचा मला एक मोठा उपयोग वाटतो. एखादीला हा त्रास झाला की घरात लगेच पंचनामा सुरू होतो. 'तू फार विचार करतेस', 'तुझं मनच कमकुवत', 'आम्ही काय कमी केलं होतं तुला?' बिचारी आधीच अर्धमेली, त्यात अपराधी होऊन बसते. तिला सांगा की कारण मनाचेच असेल असे नाही. आणि असले, तरी काळजी करणे हा काही गुन्हा नाही. त्याच गटाच्या एका पाहणीत मनाचे कारण असलेल्या ४८५ रुग्णांपैकी वीस जणांना तर आनंदाच्या प्रसंगानंतर हा त्रास झाला होता. लग्न, वाढदिवस, नातवंडाचा जन्म असले प्रसंग. आता बोला!

पाळी गेल्यावरच बायकांना हे इतके का होते? शास्त्रज्ञांचा तर्क असा की स्त्रीच्या शरीरातले इस्ट्रोजेन या रसायनांच्या माऱ्यापासून हृदयाचे थोडे रक्षण करते आणि पाळी गेली की ते आवरण पातळ होते. पुरते सिद्ध झालेले नाही, पण वयाचा हिशेब त्याच्याशी जुळतो. इथे एक विषयांतर करते, ते अगदीच विषयांतर नाही. आपल्या मराठवाड्यात 'पिशवी काढणे' फार सोपे होऊन बसले आहे. अंगावरून जाते, काढून टाका. कंबर दुखते, काढून टाका. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांची प्रकरणे २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेली आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पिशवीबरोबर अंडाशयेही काढली तर इस्ट्रोजेन एका दिवसात जाते, मग वय चाळीसच का असेना. पिशवी काढणे कधी कधी अटळ असते, जीव वाचवणारेही असते. पण दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय आणि 'अंडाशये ठेवणार की काढणार?' हे तोंडाने विचारल्याशिवाय कागदावर सही करू नका. ऑपरेशननंतरचा त्रास टाळायचा पहिला उपाय म्हणजे गरज नसलेले ऑपरेशन टाळणे.

आता भीती घालून ठेवली असे नको व्हायला. ऑपरेशन झालेल्या असंख्य बायकांपैकी फार थोड्यांना हे होते. हार्ट अटॅकच्या संशयाने रुग्णालयात येणाऱ्या शंभर माणसांत ताकोत्सुबो निघतो तो एका-दोघांत. आणि याचे सगळ्यांत सुखाचे लक्षण असे की सुन्न झालेला स्नायू बहुतेकींचा पुन्हा जागा होतो. काहींचा थोड्या दिवसांत, पुष्कळ जणींचा काही आठवड्यांत. हार्ट अटॅकमध्ये स्नायूचा तुकडा मरतो, तो परत येत नाही. इथे तो झोपलेला असतो.

पण म्हणून हे सौम्य दुखणे समजू नका. वर सांगितलेल्या पाहणीत रुग्णालयात असतानाच शंभरातले चार दगावले. पहिले काही दिवस नाजूक असतात. हृदय नीट आकुंचन पावत नाही म्हणून फुफ्फुसांत पाणी साठते, ब्लडप्रेशर कोसळते, ठोके वेडेवाकडे पडतात, न हलणाऱ्या तळाशी रक्ताची गाठही धरते. आणि एक विचित्र पेच असा असतो की ब्लडप्रेशर उतरले म्हणून नेहमीची प्रेशर वाढवणारी औषधे दिली, तर काही रुग्णांत ती उलटतात, कारण ती अॅड्रिनॅलिनच्याच जातीची असतात. चंबूचा गळा आणखी आवळतो आणि रक्त बाहेर पडायची वाटच अरुंद होते. म्हणून 'इको झाला का?' हा प्रश्न फार मोलाचा आहे. तो नम्रपणे, पण जरूर विचारा.

ऑपरेशननंतर आणखी एक अडचण असते. छातीत कळ आली तरी ती कळत नाही, कारण भुलीचा अंमल असतो, वेदनाशामक सुया चालू असतात. अशा वेळी पहिले लक्षण दुखणे नसून दुसरेच काहीतरी असते. कारण नसताना धाप लागते, सपाट झोपवत नाही, उशी मागतात. थंड घाम येतो. मळमळते, चक्कर येते, धडधडायला लागते. नुसतेच 'बरं वाटंना गेलंय' असे म्हणतात आणि चेहरा पांढराफटक दिसतो. उशाशी बसलेल्या बाईने एवढेच करायचे, की ताबडतोब सिस्टरला हाक मारायची आणि स्पष्ट शब्दांत सांगायचे, "यांना आत्ता धाप लागली आहे, मघाशी नव्हती. ईसीजी काढून बघता का?" लाजायचे नाही. सिस्टर रागावली तर रागावली. 'गॅस असेल, थोडा ओवा चघळा' हा सल्ला घरच्या ओट्यापाशी ठीक, ऑपरेशनच्या वॉर्डात नव्हे. काही नाही निघाले तर उत्तमच, एक कागदाची पट्टी वाया गेली. घरी परतल्यावर असे झाले तर १०८ला फोन लावा. रिक्षात बसवून, वाटेत कुणाला तरी घेऊन, मग दवाखाना असे करू नका. आणि 'ताकोत्सुबोच असेल, आपोआप बरे होईल' असे स्वतःच ठरवू तर नकाच नका! तपासणी होईपर्यंत तो हार्ट अटॅकच धरायचा असतो, डॉक्टरही तसेच धरतात. पूर्वी अँजिओग्राफी म्हटली की हैदराबाद किंवा सोलापूर गाठावे लागे. आता ती नांदेडातही होते, लातुरातही होते. तेव्हा उशीर करायला तेवढे कारण उरलेले नाही.

पैशाची काळजी हीही एक काळजीच. ऑपरेशनच्या खर्चाची जुळवाजुळव झालेली असते आणि हे नवेच उपटते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे मूळ राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने २ जुलै २०१२ला रोवले गेले, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला नांदेड होता. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन ऑपरेशनच्या आधीच त्याला भेटून ठेवा, हृदयाचे काही उद्भवले तर काय बसते, काय बसत नाही, ते विचारून घ्या. बाईच्या कानावर मात्र हिशेब घालू नका.

हो, आणि भेटायला येणाऱ्या मंडळींचे काय करावे? आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाणे हे पुण्यकर्म मानतात, पण कॉटवर बसून जे बोलतात ते ऐकवत नाही. "आमच्या जाऊबाईंचं असंच झालं होतं, चौथ्या दिवशी गेल्या बिचाऱ्या!" किंवा, "तुम्हांला कळलंच असेल, तुमच्या मामांचं..." आणि तिला कळलेले नसते! घरातल्या एकीने दारात उभे राहायचे काम अंगावर घ्यावे. थोरली सून असेल, बहीण असेल, मुलगी असेल, पण जिभेने जरा तिखट असलेली बरी. मृत्यूची, कर्जाची, कोर्टकचेरीची, निकालाची बातमी ऑपरेशननंतरचे पहिले दिवस दाराबाहेर ठेवायची. लपवायची म्हणून नव्हे, योग्य वेळी डॉक्टरांना विचारून जवळच्या माणसाने सांगायची म्हणून. याने ताकोत्सुबो नक्की टळतो असे कुणी म्हणणार नाही. पण दुखणे आटोक्यात असणे, झोप लागणे आणि मन शांत असणे ही तर कुठल्याही ऑपरेशननंतरची औषधेच आहेत. दुखत असेल तर सहन करत पडू नका, सांगा. 'बाईच्या जातीनं सोसावं' ही शिकवण वॉर्डाच्या बाहेर चपलांजवळ ठेवून आत यायचे.

ज्यांचे ऑपरेशन अजून व्हायचे आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञ तपासायला येतात. आपल्या बायका त्यांच्याशी फारसे बोलत नाहीत, नवराच उत्तरे देतो. तुम्ही बोला. कोणत्या गोळ्या चालू आहेत ते सांगा, नुसते 'प्रेशरची पांढरी गोळी' असे नको, पाकीटच दाखवा. ठोके मंद ठेवणारी गोळी रोज घेत असाल तर ऑपरेशनच्या सकाळी उपाशी राहायचे म्हणून ती मनाने सोडू नका, एकदम बंद केल्यास ती उलटू शकते. घोटभर पाण्याबरोबर घ्यायची का, ते विचारा. थायरॉइड असेल, दम्याचा पंप असेल, तेही सांगा. आणि भीती वाटत असेल तर तीही सांगा. मागच्या बाळंतपणात काय झाले, आई ऑपरेशनच्या टेबलावर गेली, काहीही असो. भूलतज्ज्ञाला हे कळले तर आदल्या रात्रीसाठी गोळी देता येते, भूल देण्याची पद्धत बदलता येते. पूर्वी एकदा ताकोत्सुबो झालेला असेल तर ते सर्वांत आधी सांगायचे, कारण थोड्या जणींना तो पुन्हा होऊ शकतो. ऑपरेशनच्या आधी काढलेल्या ईसीजीची प्रत मागून घ्या आणि आपल्या फायलीत ठेवा. नंतर काही झाले तर जुनी पट्टी शेजारी ठेवून पाहिली की डॉक्टरांना पुष्कळ उलगडते.

आपल्या उदाहरणातल्या काकू आता घरी आल्या आहेत असे धरू. टाके सुकले, पण हृदय अजून सावरते आहे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत, त्या 'आता बरं वाटतंय' म्हणून अर्ध्यावर सोडायच्या नाहीत. मीठ कमी सांगितले असेल तर भाजीतले मीठ कमी करून भागत नाही. खरे मीठ असते पापडात, लोणच्यात, सांडग्यांत, आणि आपल्या मराठवाड्याच्या ताटातल्या शेंगदाण्याच्या चटणीत. ती काही दिवस दुसऱ्याच्या ताटात वाढा. रोज सकाळी एकाच वेळी वजन पाहा. दोन-तीन दिवसांत एकदम किलो-दीड किलो वाढले, पायांवर सूज आली, रात्री दोन उशा लागू लागल्या, तर पाणी साठते आहे, डॉक्टरांकडे जा. डिंकाचे लाडू, साजूक तुपातला शिरा हे बाळंतिणीचे लाड आहेत, ते इथे घाईने आणू नका. पहिल्याने घरातल्या घरात चालणे, मग अंगणात, मग गल्लीच्या टोकापर्यंत.

आणि पाणी! लातूरकरणींना पाण्याचे निराळे सांगायला नको. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले त्या शहरातल्या बाईला नळाला पाणी आले की अंथरुणात पडवतच नाही. नळाच्या दिवशी काकूंच्या हाताशी घागर दिसली तर ती काढून घ्यायची. भरलेली बादली उचलणे टाक्यांनाही वाईट आणि सावरत्या काळजालाही. नातवाला सांगावे. बारावी झाली आहे त्याची, रिकामाच बसला आहे.

रुग्णालयातून निघताना दोन गोष्टी विसरू नका. पुन्हा इको कधी करायचा ती तारीख विचारून घ्या. साधारणपणे काही आठवड्यांनी करतात. तळ पुन्हा हलू लागला आहे का, हे त्यातच दिसते, 'आता मला काही होत नाही' एवढ्यावरून नाही. आणि घरी जाण्याच्या कागदावर आजाराचे नाव स्पष्ट लिहून मागा. नुसते 'हृदयविकार' नको. ते नाव एका चिठ्ठीवर मराठीत उतरवा, 'ताकोत्सुबो, अमुक ऑपरेशननंतर, अमुक तारखेला, अँजिओग्राफीत शिरा स्वच्छ', आणि ती चिठ्ठी आधारकार्डाच्या पाकिटात ठेवून द्या. उद्या नांदेडला, लातूरला, नाहीतर लेकीकडे पुण्याला कुठे गरज पडली, तर नव्या डॉक्टरांपुढे ती चिठ्ठी आधी ठेवा.